स्किड स्टीअरवर ट्रॅक्टरचं अवजार वीस मिनिटांत दम सोडतंय? पंप खोलायच्या आधी हे बघा

गहू निघाला की इंदूरच्या आसपास, सांवेर, देपालपूर, हातोद या सगळ्या पट्ट्यात नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) उभी असते, ती जाळायला बंदी आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये जो तो मल्चर (खुंटांचा भुगा करणारं अवजार) नाहीतर रोटाव्हेटर शोधत फिरतो. ट्रॅक्टर सगळे बुक झालेले असतात. मग कोणाकडे तरी प्लॉटच्या कामावरून मोकळं झालेलं स्किड स्टीअर असतं (माती उचलणारं छोटं लोडर मशीन, आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, लोक त्याला सरसकट बॉबकॅटच म्हणतात) आणि कोणीतरी सुचवतं की याला पुढे हायड्रॉलिक मोटर लावा, मोटरवर ट्रॅक्टरसारखा सहा खाचांचा शाफ्ट काढा, आणि ट्रॅक्टरचंच अवजार यावर चालवा. कल्पना चांगली आहे, मी स्वतः अशी बरीच मशीनं जोडून दिलीयेत आणि ती व्यवस्थित चालतात. पण देवास नाक्याच्या आमच्या वर्कशॉपला दर सीझनला एकच तक्रार परत परत येते: सुरुवातीला मस्त चाललं, वीस-पंचवीस मिनिटांत मंद झालं, लोड घेईना, बंद करून चहा पिऊन आलो तर परत चालायला लागलं. आणि माणूस येतानाच ठरवून आलेला असतो की पंप गेला.

बहुतेक वेळा पंप गेलेला नसतो. मागच्याच सीझनला सांवेरकडचे एक काका आले, त्यांनी दुसरीकडे पंप उतरवून, सील किट टाकून, परत बसवून घेतला होता, पैसे गेले ते गेलेच, वर चार दिवस मशीन उभं, आणि तक्रार तशीच. दोष होता रिटर्नच्या कपलरमध्ये, म्हणजे ऑइल टाकीकडे परत नेणाऱ्या होजच्या (रबरी पाइपच्या) जोडणीत. म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः बघतो त्याच क्रमाने लिहितोय, आधी फुकटातलं, मग थोड्या पैशातलं, आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी.

लक्षणं, आणि त्यावरून कुठे संशय घ्यायचा

थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मंद: ऑइल तापतंय. कूलर, कपलर, बारीक होज, नाहीतर मोटर आतून झिजलेली.

रिकामं जोरात फिरतं पण जमिनीला टेकवलं की थांबतं: अवजार मशीनच्या ताकदीपेक्षा मोठं आहे, किंवा प्रेशर कुठेतरी निसटतंय.

पहिल्या मिनिटापासून हळू: रेस कमी, मोटरचा साइज चुकलेला, कपलर अर्धवट.

पहिल्या मिनिटापासून गरजेपेक्षा जोरात. ही तक्रार घेऊन कोणी येत नाही, उलट लोक खूश असतात, पण या यादीतली ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. खाली सांगतो.

मोटरच्या शाफ्टपाशी ऑइल गळतं, सील बदललं की आठवड्यात परत गळतं: सीलचा दोष नाही, रिटर्नमध्ये प्रेशर अडकतंय.

बटण बंद केलं की दणका बसतो, होज उडी मारतात, कधी शाफ्टची चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) तुटते.

टाकीत फेस, पंपाचा किंचाळल्यासारखा आवाज: हवा ओढली जातेय.

आणि अवजाराबरोबर चाकंही कमजोर पडली, आर्मही हळू उचलतोय, तर तिथेच थांबा, ते शेवटच्या भागातलं काम आहे.

हात लावायच्या आधी

आर्म जमिनीवर, अवजार जमिनीवर, इंजिन बंद. मग चावी ऑन करून ऑक्झिलरीचं (अवजाराला ऑइल देणाऱ्या लाइनीचं) बटण दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा दाबा म्हणजे होजमधलं अडकलेलं प्रेशर निघून जातं. काही मशीनना यासाठी वेगळी सोय असते, ती तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघा. आर्म वर करून खाली काम करायचं असेल तर आर्मचा लॉक लावल्याशिवाय डोकं आत घालू नका.

आणि गळती कधीही हाताने चाचपडू नका. दोनशे बारचं (बार म्हणजे प्रेशरचं माप) ऑइल सुईएवढ्या भोकातून निघालं की कातडीतून आत शिरतं, बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर थेट मोठ्या हॉस्पिटलला, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की प्रेशरचं ऑइल आत गेलंय, कारण याला लगेच ऑपरेशन लागतं, मलमपट्टी करून घरी यायचं नाही. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा, ओला डाग दिसेल.

रेस आणि बटण

पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर लिटर देतो. रेस अर्धी तर लिटर जवळपास अर्धे, आणि लिटर अर्धे तर अवजाराच्या फेऱ्या अर्ध्या. प्लॉटवर माती उचलणाऱ्या ड्रायव्हरला डिझेल वाचवायला कमी रेसवर चालवायची सवय असते, तीच सवय तो शेतात घेऊन येतो. रेस पूर्ण द्या आणि मगच तक्रार खरी आहे का बघा.

मग दिशा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून ट्रॅक्टरकडे बघितलं तर पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा शाफ्ट) घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. तुमच्या मोटरचा शाफ्टही त्याच्या टोकाकडे बघितल्यावर तसाच फिरला पाहिजे. स्किड स्टीअरचं ऑक्झिलरी दोन्ही दिशांना ऑइल देतं, त्यामुळे चुकीचं बटण दाबलं की अवजार उलटं फिरतं, ब्लेडची बोथट बाजू पुढे येते, गवत कापलं जात नाही नुसतं झोडपलं जातं आणि लोक म्हणतात ताकद नाही. अजून एक गोष्ट इथे लक्षात ठेवा: ज्या मोटरला आडवा चेक व्हॉल्व्ह (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारा) लावलेला असतो ती उलट्या दिशेला फिरतच नाही, सगळं ऑइल त्या व्हॉल्व्हमधून सरळ परत जातं. मोटर जाम वाटते, पण जाम नसते. होज अदलाबदल करा किंवा दुसरं बटण दाबा.

कपलर

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त लोक इथेच सुटतात, म्हणून याला घाई करू नका.

स्किड स्टीअरला सपाट तोंडाचे कपलर असतात, ट्रॅक्टरच्या अवजाराला गोळीवाले, ज्यात मधे टोक बाहेर आलेलं असतं. दोघं एकमेकांत बसत नाहीत, म्हणून लोक अडॅप्टर लावतात, किंवा एका बाजूचं बदलतात, आणि यात कुठेतरी एक कपलर पूर्ण आत जात नाही. अर्धवट बसलेला कपलर म्हणजे नळाची अर्धी तोटी. ऑइल जातं, पण घासत, रेटत जातं, आणि तापतं. प्रेशरच्या बाजूचा अर्धवट असेल तर अवजार मंद. रिटर्नचा अर्धवट असेल तर जास्त वाईट, कारण मग मोटरच्या आत दोन्ही बाजूंनी प्रेशर बसतं, फिरायला जोर राहत नाही आणि सील बाहेर ढकललं जातं.

तर दोन्ही कपलर काढा, तोंड स्वच्छ फडक्याने पुसा, परत लावा, खटका ऐकू आला पाहिजे, कॉलर फिरवून लॉक करा, आणि मग ओढून बघा.

एप्रिल-मेच्या उन्हात एक हमखास भानगड होते. अवजार उन्हात पडलेलं असतं, होजमधलं ऑइल तापून फुगतं, दोन्ही टोकं बंद असल्यामुळे आत प्रेशर तयार होतं आणि कपलर आत जातच नाही. लोक हातोडी घेतात. हातोडीने गोळी वाकते, आणि तो कपलर त्यानंतर कायम अर्धवटच उघडतो. त्यापेक्षा अवजार सावलीत घ्या, होजवर ओलं पोतं टाका, तासाभराने सहज बसेल. आणि पुढच्या वेळी कपलर काढायच्या आधी वर सांगितलं तसं प्रेशर सोडून मगच काढा.

तिसरी बारीक लाइन असेल तर ती केस ड्रेन. मोटरच्या आतून जे थोडं ऑइल पाझरतं ते या लाइनीने टाकीत परत जातं. छोट्या मोटरींना ही लाइन बऱ्याचदा नसते, त्यांचं पाझरलेलं ऑइल आतूनच रिटर्नमध्ये जातं. पण ज्या मोटरला ती दिलेली आहे तिची ती लागलीच पाहिजे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक मोटर बसवली, दोन मोठे होज जोडले, केस ड्रेनला जोडायला मशीनच्या बाजूने तोंड नव्हतं म्हणून त्यावर प्लग मारून टाकला. सुरू केल्यावर काही सेकंदांत शाफ्टचं सील उडालं आणि समोरची भिंत तेलाने रंगली. सुदैवाने समोर कोणी उभं नव्हतं. तेव्हापासून ती बारीक लाइन मी सगळ्यात आधी जोडतो आणि सगळ्यात शेवटी काढतो.

ऑइल

आर्म खाली, मशीन सपाट जागी, मग काचेत लेव्हल बघा. आर्म वर असताना लेव्हल कमीच दिसते, कारण ऑइल सिलेंडरमध्ये गेलेलं असतं, आणि लोक वरून भरतात, मग आर्म खाली आला की टाकी ओसंडते.

रंग बघा. दुधाळ म्हणजे पाणी गेलंय. फेस म्हणजे हवा, ओढायच्या बाजूचा क्लॅम्प ढिला किंवा लेव्हल कमी. काळं आणि जळका वास म्हणजे खूप दिवस तापत चाललंय.

टिपिंगची ट्रॉली स्किड स्टीअरवर चालवणाऱ्यांनी हे जास्त बघा. १०० मिलिमीटर बोअरचा जॅक एक मीटर बाहेर आला की जवळजवळ ८ लिटर ऑइल त्यात जातं. स्किड स्टीअरची टाकी लहान असते, तेवढं ऑइल बाहेर गेलं की पंप हवा ओढायला लागतो. ट्रॉली वर गेल्यावर पंप ओरडतो, खाली आल्यावर शांत, असं होत असेल तर कारण बहुतेक हेच.

कूलरची जाळी

नरवाईत काम करताना भुसा उडतो, पंखा तो ओढतो आणि कूलरच्या जाळीवर गादी बसते. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ वाटते, भुसा रेडिएटर आणि ऑइल कूलर यांच्या मधल्या फटीत असतो, तिथे टॉर्च मारा. हवा नेहमी आतून बाहेर मारायची, बाहेरून मारली तर भुसा आणखी आत ठासला जातो. पाण्याचं प्रेशर जवळून मारू नका, जाळीच्या पत्त्या आडव्या होतात. भर उन्हात बाहेरच ४० च्या वर असतं तेव्हा मी चालकाला सांगतो की दर दोन तासांनी उतर आणि हवा मार, घरचा छोटा कॉम्प्रेसर ट्रॉलीत टाकून घेऊन जा.

यातच सांगतो, ऑइल ५० ते ७० डिग्रीपर्यंत ठीक समजा, ८०-८५ च्या वर चाललं की ते पातळ होतं, पातळ झालं की मोटर आणि पंपाच्या फटींतून जास्त निसटतं, निसटलं की आणखी तापतं. वीस मिनिटांनी दम सोडण्याचं सगळं गणित इथे आहे.

कुठे तापतंय ते शोधा

हाताने नको, लांबून तापमान दाखवणारी गन मिळते, स्वस्तात येते. मशीन पंधरा मिनिटं लोडवर चालवा आणि मग एका टोकापासून सुरू करा: पंपाकडून येणारी लाइन, कपलर, होज, मोटर, रिटर्नचा होज, रिटर्नचा कपलर, कूलरच्या आत जाणारं आणि बाहेर येणारं तोंड. कपलरच्या अलीकडे ६० आणि पलीकडे ७० असेल तर ऑइल त्या कपलरमध्ये अडकतंय. मोटरच एकटी बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ती आतून झिजलीये. कूलरच्या आत-बाहेर फरकच नसेल तर कूलर काम करत नाहीये. पाच मिनिटांचं काम आहे, पण पंप खोलायचा खर्च वाचतो.

अवजार हाताने फिरतंय का

इंजिन बंद, शाफ्ट मोटरपासून सुटा करा आणि रोटर हाताने फिरवा. बेअरिंगच्या तोंडाशी नरवाई, सुतळी, ठिबकच्या नळ्या गुंडाळलेल्या असतात, सील कापून आत जातात. गिअरबॉक्समध्ये ऑइल आहे का बघा. ट्रॅक्टरवर हा जॅमपणा कळत नाही, ट्रॅक्टर रेटून नेतो. इथे लगेच कळतो.

आता हिशोब, मोटरचा आणि अवजाराचा

वरचं सगळं ठीक निघालं तर कागद-पेन घ्या. हे गणित कोणी करत नाही म्हणून तक्रार दरवर्षी परत येते.

लिटरमुळे फेऱ्या मिळतात आणि प्रेशरमुळे जोर. पंप प्रेशर बनवत नाही, पंप लिटर देतो, प्रेशर कामाच्या अडवणुकीमुळे चढतं, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) उघडेपर्यंत.

फेऱ्या काढायच्या तर लिटर गुणिले १०००, भागिले मोटरचे सीसी (एका फेरीला मोटर किती ऑइल घेते ते). साध्या फ्लोच्या स्किड स्टीअरला मिनिटाला साधारण ६० ते ८० लिटर मिळतात, आपण ७० धरू. १२५ सीसीची मोटर असेल तर ७०००० भागिले १२५, म्हणजे ५६०, आतून निसटणारं वजा करून ५२०-५३०. ट्रॅक्टरच्या पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांना हे जुळतं. २०० सीसीची मोटर लावली, कारण दुकानात तीच होती, तर ३५० च्याही खाली, म्हणजे पहिल्या मिनिटापासून हळू. आणि मोटरच्या कागदावर ती किती लिटरपर्यंत चालते तेही वाचा, हलक्या सीरिजच्या बऱ्याच १२५ च्या मोटरी ६० लिटरच्या आसपासच असतात, त्यात ७०-८० घातले की ती तापणारच.

आता ती जास्त जोरात फिरण्याची गोष्ट. तीच १२५ ची मोटर हाय फ्लोच्या (जास्त लिटर देणाऱ्या) मशीनला लावली, ११० लिटर, तर ८८० फेऱ्या. ५४० साठी बनवलेला मल्चर ८८० ला फिरतोय. काम झकास दिसतं, बारीक भुगा होतो, आणि एक दिवस ब्लेड निघून उडतं. काचेच्या आत बसलेल्या माणसालाही त्याचा भरवसा नाही, आजूबाजूला उभ्या पोरांचं तर सोडाच. फेऱ्या मोजायचं टॅकोमीटर ऑनलाइन मिळतं, चमकणारी पट्टी शाफ्टवर चिकटवा, लांबूनच मोजा. ५४० च्या वर जात असेल तर हाय फ्लो बंद करा किंवा मोठ्या सीसीची मोटर लावा, त्याशिवाय चालवू नका.

मग ताकद. लिटर गुणिले बार, भागिले ६००, इतके किलोवॅट. ७० लिटर आणि २०० बार, म्हणजे २३ किलोवॅट, साधारण ३१ एचपी. यातले शाफ्टपर्यंत पोचतात २५ च्या आसपास. आणि समोर काय लावलेलं असतं? ५ फुटी, ६ फुटी रोटाव्हेटर, जो ४०-५० एचपीच्या ट्रॅक्टरसाठी आहे. मालक म्हणतो माझं इंजिन ६० एचपीचं आहे. असेल, पण ते ६० चे ६० या दोन होजमधून येत नाहीत, होजमधून पंपाचे ७० लिटरच येतात. त्यात आपली काळी माती, एप्रिलमध्ये भेगा पडून दगड झालेली. अशा मातीत मोठा रोटाव्हेटर या मशीनवर चालणार नाही, कोणीही मेकॅनिक आणला तरी नाही. ४ फुटी घ्या, उथळ चालवा, दोन पास करा. नरवाईला जमिनीच्या वर चालणारा छोटा मल्चर किंवा स्लॅशर हे काम जास्त आनंदाने करतो, आणि खड्डे खणायचं डिगर तर फारच छान चालतं.

होज आणि तोंडं

ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लाइन कमी लिटरची असते, त्यामुळे अवजारासोबत आलेले होज बारीक असतात. त्यातून ७० लिटर रेटले आणि वाटेत ३० बार वाया गेले, तर वरच्याच हिशोबाने साडेतीन किलोवॅट नुसती उष्णता. बादलीत पाणी तापवायचे हजार वॅटचे साडेतीन रॉड तुम्ही ऑइलच्या टाकीत दिवसभर लावून ठेवलेत असं समजा. कूलर कितीही स्वच्छ असला तरी हरतो.

म्हणून अर्ध्या इंचाचे जुने होज आणि गोळीवाले कपलर काढून पाऊण इंचाचे घ्या, निदान रिटर्नचा तरी. इंदूरच्या सियागंजात क्रिम्पिंग करून (होजला लोखंडी तोंडं दाबून बसवून) मिळतात. होजवर छापलेलं वाचा, अर्ध्या इंचाचा एका तारेचा होज साधारण १६० बारचा, दोन तारेचा २७५ चा, आणि स्किड स्टीअर २०० च्या वर सहज जातं. ट्रॅक्टरवर दहा वर्षं चाललेला एका तारेचा होज इथे केव्हाही फुटेल.

फिल्टर आणि दुसऱ्याचं घाण ऑइल

याबद्दल मला मनापासून सांगायचंय. ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा गिअरचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं, त्यात गिअरची झीज फिरत असते. जे अवजार, ट्रॉलीचा जॅक, पलटी नांगर काल ट्रॅक्टरवर होतं, त्याच्या होजमध्ये ते ऑइल भरलेलं असतं. आज ते तुम्ही स्किड स्टीअरला जोडलं की ती सगळी कचरापट्टी तुमच्या टाकीत. आणि स्किड स्टीअरची चाकंसुद्धा याच ऑइलवर, पिस्टन पंपांवर चालतात, त्यांच्या आतल्या फटी केसापेक्षा बारीक असतात. एका भाड्याच्या ट्रॉलीपायी चाकं चालवणारा पंप खराब झालेला मी पाहिलाय, आणि तो खर्च मल्चरपेक्षा जास्त होता.

बाहेरचं अवजार आलं तर जॅक पूर्ण आत ढकलून, होज रिकामे करून, फडक्याने तोंडं पुसून मगच जोडा. तोंडांना टोप्या लावा, मातीत लोळवू नका. नवीन जोडणीनंतर पहिला फिल्टर लवकर बदला, पुस्तकातल्या तासांची वाट बघू नका. जुना फिल्टर कापून पत्त्या पांढऱ्या कागदावर उलगडा. काळा चिकट गाळ चालेल. चमकणारे कण दिसले तर मशीन बंद, पुढे काहीच करू नका.

कॉइल आणि वायर

कधी चालतं कधी नाही, खड्ड्यात गेलं की बंद पडतं, असं असेल तर हायड्रॉलिकला दोष देऊ नका. फ्यूज बघा, सोलेनॉइडचा (बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॉइलचा) प्लग काढून आतलं गंज-पाणी साफ करा. बटण दाबल्यावर कॉइलच्या टोकाशी पेचकस धरला तर खेचला गेला पाहिजे. खेचत नसेल तर कॉइल किंवा वायर.

बंद करताना दणका

मल्चरचा रोटर जड असतो, बटण बंद केलं तरी तो फिरतच राहतो, आणि आता तो मोटरलाच पंपासारखा चालवतो. एका बाजूला ऑइल मिळत नाही, दुसऱ्या बाजूला अडकतं, दणका बसतो, चावी किंवा शाफ्ट तुटतो. यावर उपाय मोटरवर बसणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, ज्यात आडवा चेक आणि रिलीफ असतो, मग रोटर हळूहळू थांबतो. जड रोटरच्या अवजाराला मी हा ब्लॉक लावल्याशिवाय देतच नाही. तोपर्यंत बंद करायच्या आधी रेस पूर्ण खाली आणा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

यापुढे प्रेशर गेज आणि फ्लो मीटर लागतो, आणि ते वापरायची सवय लागते. खालचं काही दिसलं तर स्वतः हात घालू नका:

फिल्टरमध्ये धातू. दुधाळ ऑइल. चाकं, आर्म आणि अवजार तिन्ही एकदम कमजोर (चार्ज पंपाकडे, म्हणजे चाकांच्या पंपांना ऑइल पुरवणाऱ्या छोट्या पंपाकडे संशय जातो, चालवत राहिलात तर चाकांचे पंपही जातील). नवीन आवाज, विशेषतः थंड असतानाही. होज क्रिम्पिंगपाशी फुगलेला. मोटर किंवा पंपातून आतल्या आत किती निसटतंय ते मोजणं.

आणि रिलीफ व्हॉल्व्हचा बोल्ट फिरवू नका. बरेच जण सांगतात दोन आटे आवळा, ताकद येईल. गेज न लावता आवळलेला रिलीफ म्हणजे होज, पंप, सील, आणि समोर उभा माणूस, सगळंच पणाला. कंपनीची सेटिंग सोडून मी कोणालाही आवळून दिलेली नाही, ग्राहक रागावून गेले तरी. अवजार अडकवायच्या प्लेटला वेल्डिंग करायचं असेल तर आधी अवजार मशीनवरून उतरवा, नाहीतर निदान बॅटरीची वायर काढा, कंट्रोलर जळलेला दुरुस्त होत नाही.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा हे लिहून तयार ठेवा, त्याच्या दोन फेऱ्या वाचतात: मशीनचं मॉडेल आणि पुस्तकातले ऑक्झिलरीचे लिटर आणि बार, मोटरवरच्या पट्टीचा फोटो, सीसीसकट. अवजार किती फुटी, किती एचपीच्या ट्रॅक्टरसाठी. टॅकोमीटरवर रिकाम्या फेऱ्या किती आणि लोडवर किती. चालू केल्यापासून किती मिनिटांनी मंद होतं आणि तेव्हा रिटर्न लाइन किती डिग्री होती. कापलेला फिल्टर फेकू नका, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा, तो त्याला आधी बघायचा असेल.